लॅबमधल्या ताईंना

ताई, नमस्कार.

श्रावणात आबांना खुब्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन आम्ही संभाजीनगरला आलो होतो. आम्ही बीडकडचे, डोंगरपट्ट्यातले. रोज एवढे नमुने तुमच्या हाताखालून जातात, आम्ही लक्षात नसू. मला मात्र ती प्लेट अजून डोळ्यांसमोर दिसते.

ऑपरेशन नीट झालं, पण सहाव्या दिवशी ताप भरला. लघवीच्या नळीवाटे जंतू शिरले होते. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू होतं, तरी ताप हटेना. रिपोर्ट विचारायला तुमच्या खिडकीशी आलो, तर हाकलून न देता तुम्ही काचेआडून प्लेट दाखवलीत. आबांचे जंतू वाढवलेल्या त्या प्लेटवर औषधं लावलेल्या पांढऱ्या चकत्या, एक-दोन चकत्यांभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ रिंगण; मेरोपेनेमच्या चकतीला मात्र जंतू पार चिकटून उगवलेले. "क्लेबसिएला नावाचा जंतू आहे, त्यात एनडीएम जनुक सापडलाय; त्यातून मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनतं," म्हणालात. २००९ साली पहिल्यांदा नोंदलेला, नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या स्वीडनच्या रुग्णातला. म्हणून नावात दिल्ली, एनडी म्हणजे न्यू डेल्ही.

मी कापूस पिकवणारा. विचारलं, बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईना, तसंच का? "तसंच, पण अळी तो गुण पिलांनाच देते. हे जंतू प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या कड्यावरून तो शेजाऱ्यालाही देतात, वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा."

छापील रिपोर्टची वाट न बघता तुम्ही वॉर्डात फोन लावलात. एनडीएमच्या एन्झाइमला अॅझट्रिओनम हे अँटिबायोटिक तोडता येत नाही. अॅझट्रिओनम तोडणारी दुसरी एन्झाइमं अशा जंतूत असतात, त्यांना एविबॅक्टम हे औषध अडवतं; ते सेफ्टाझिडीम या अँटिबायोटिकसोबत मिळतं. म्हणून डॉक्टरांनी सेफ्टाझिडीम-एविबॅक्टम आणि अॅझट्रिओनम जोडीनं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आबांनी भाकरी मागितली.

ताई, एक कबूल करायचंय. आबांचं अंग पुसून मी तसाच उठून शेजारच्या खाटेवरच्या मावशींना पाणी पाजायचो. चांगलंच करतोय असं वाटायचं. तुम्ही हाताला सॅनिटायझर लावायला लावलंत तेव्हा कळलं, या खाटेवरून त्या खाटेवर जायला जंतूला माझे हातच पुरे होते. मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण तो विचार आला की अजून पोटात गोळा येतो. घरच्या फळीवर उरलेल्या लाल रेघेच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्याही होत्या, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, सर्दीसाठी. सर्दीवर त्यांचा उपयोगच नसतो, हे आम्हाला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

आबा आता काठी टेकत गोठ्यापर्यंत जातात. बालाघाटाची सीताफळं उतरलीत. पुढच्या सोमवारी घेऊन येतो. आत येणार नाही, खिडकीशी ठेवीन.