भावा, त्या कपाटाबद्दल

भावा,

रक्त तपासायला तू माझ्यासोबत आलास, त्याबद्दल काल फोनवर बोलायला लागले, तर तू "त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवून लावलास. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुला मध्येच तोडता येणार नाही.

सुई दिसली की मला भोवळ येते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का येते, हे आजवर कुणी विचारलं नाही. "एवढी घोडी झालीस, लहान मुलं बरी!" एवढंच ऐकत आले. एकदा शुद्धीवर येताना कानावर पडलेलं पहिलं वाक्य होतं, "नाटकं आहेत सगळी." ते अजून टोचतं. त्यानंतर दोन वर्षं मी रक्त तपासायला गेलेच नाही.

तू मात्र वाचून आलास. एरवी माणूस घाबरला की रक्तदाब वाढतो. या भीतीत तो आधी वाढतो आणि मग एकदम खाली येतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध जाते. म्हणजे "अंग सैल सोड" हा मला वर्षानुवर्षं मिळालेला सल्ला नेमका उलटा! स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकातच उपाय मांडलाय, तूच सांगितलंस. हातपाय आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटला की सोडायचं, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा आवळायचं. सुईचा हात तेवढा सैल.

पण रक्त द्यायला खुर्चीत बसल्यावर मला यातलं काही आठवेना. तेवढ्यात तू सुरू झालास. "ताई, कपाट उचल! जिना अरुंद आहे. डावीकडे घे, भिंतीचा रंग जाईल! अजून, अजून... ठेव. दम खा." जिन्याचं वळण काय, मध्ये आलेली कुंडी काय, वरून ओरडणारे शेजारी काय, सगळे आवाज तूच काढलेस. चौथ्या पायरीपर्यंत शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनीही मुठी आवळल्या होत्या. "अहो, कपाट रिकामं करून उचला की!" ते म्हणाले, आणि रक्त काढणाऱ्या ताईंनाही हसू आवरेना.

दारापाशी दोघं मात्र माझ्याकडे बघून कुजबुजत होते. माझे कान तापले. तू लगेच वळून त्यांना म्हणालास, "मला रक्त बघवत नाही हो, म्हणून बडबडतोय. ताई मला सांभाळतेय."

मला या पत्रात खरं तर एवढंच लिहायचं होतं. उपाय मला कुणीही सांगू शकलं असतं. माझी लाज न विचारता स्वतःच्या अंगावर घेणारा तू एकटाच. अशी माणसं कुठे कुठे असतात, गर्दीत कुणाच्या पुढ्यात नुसती उभी राहून त्याला आडोसा देतात, आणि घरी जाऊन कुणाला सांगतही नाहीत. तूही सांगितलं नाहीस. आईला अजून वाटतंय मी एकटीच गेले होते.

"झालं, कपाट ठेवा आता," असं त्या ताई म्हणाल्या, तेव्हा सुई केव्हाच निघाली होती आणि मी ताठ बसलेली होते.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. कपाट अजून जिन्यातच आहे, ये.

तुझी ताई