कोंबडीवाला फोटो काढून टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या, आता नामशेष झालेल्या टास्मानियन टायगरला पुन्हा जन्माला घालायचं चाललंय ही बातमी तुमच्या पेपरात वाचली, आनंद वाटला, पण त्यात त्याला 'मेंढ्यांचा फडशा पाडणारा क्रूर शिकारी' म्हटलंय आणि वर तोंडात कोंबडी धरलेला फोटो छापलाय, ते बघून राहवलं नाही. अहो, तो 1921 सालचा फोटो, मागचं कुंपण दिसू नये म्हणून तेव्हा कापून छापलेला, आणि एका अभ्यासकाच्या मते तर त्यातलं जनावर जिवंतही नव्हतं!

मोठ्या कुत्र्याएवढा प्राणी, पाठीवर मागच्या बाजूला काळे पट्टे, शेपटी कांगारूसारखी ताठ. मादीच्या पोटाला पिल्लांसाठी पिशवी, तिचं तोंड मागच्या बाजूला, आणि गंमत म्हणजे नरालाही पिशवी असायची. जबडा उघडला की बघणाऱ्याला धडकी भरावी, पण 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कवटीचं कॉम्प्युटर मॉडेल करून बघितलं तर मोठ्या जनावराशी झटापट करायचा दमच त्यात नव्हता, साधारण 5 किलोच्या आतली शिकार, म्हणजे पोसम (झाडावर राहणारा छोटा पिशवीवाला प्राणी) वगैरे, बस. कोपराच्या हाडांवरूनही असं दिसतं की लांडग्यासारखा लांबवर पाठलाग नाही, दबा धरून झडप घालणारा गडी. आता हा काय मेंढ्यांचे कळप संपवणार?

मेंढ्या मरत होत्या त्या बऱ्याचशा मोकाट कुत्र्यांमुळे, चोऱ्यांमुळे आणि मालकांच्या गलथानपणामुळे, पण खापर फोडायला हा सापडला. टास्मानियाच्या सरकारनं 1888 ते 1909 मोठ्या जनावराला 1 पौंड आणि पिल्लाला 10 शिलिंग बक्षीस लावलं, 2184 बक्षिसं वाटली (आपल्याकडे वाघ-लांडग्यांच्या बाबतीत इंग्रजांचा हाच खाक्या होता). मग संरक्षण कधी दिलं, तर 10 जुलै 1936 ला, आणि 7 सप्टेंबरला टास्मानियातल्या होबार्ट शहराच्या झूमधला शेवटचा मेलासुद्धा.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो हवाच असेल तर त्याच झूमध्ये प्राणी-अभ्यासक डेव्हिड फ्ले यांनी 1933 मध्ये केलेलं शूटिंग आहे, त्यातली एखादी फ्रेम घ्या, त्यात तो पिंजऱ्यात फिरताना, जांभई देताना स्पष्ट दिसतो. शूटिंग करताना तो फ्लेंच्या पार्श्वभागाला चावला होता म्हणे, ते खुशाल छापा.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली