नॉनस्टिक भांड्यांचे आयुष्य

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नॉनस्टिक भांड्यांच्या वेष्टनावर ‘पीएफओए-मुक्त’ असे ठळकपणे छापलेले असते. परंतु पीएफओए हे रसायन नॉनस्टिक लेपाच्या निर्मितीप्रक्रियेत वापरले जात असे आणि भांडे किती वर्षे टिकेल, हे त्या शब्दांवरून मुळीच कळत नाही. पातळ तळ एकाच जागी तापतो, जाड ॲल्युमिनियमच्या तळात मात्र उष्णता सारखी पसरते. म्हणून खरेदी करताना आधी तळाची जाडी पाहावी. ज्याचा हा लेप सहसा असतो ते, १९३८ मध्ये शोध लागलेले पीटीएफई (टेफ्लॉन) सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागते आणि मोठ्या आचेवर ठेवलेले रिकामे भांडे काही मिनिटांतच तेवढे तापते. त्याहूनही अधिक तापल्यास निघणारा धूर पाळीव पक्ष्यांच्या जिवावर बेततो, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. उलथणे लाकडी किंवा सिलिकॉनचे असावे, हे बहुतेकांना माहीत आहे. परंतु तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतल्याने तळ वाकतो आणि काठाशी साचलेला तेलाचा पिवळट, चिकट थर तारेच्या घासणीने खरवडल्यास लेपही जातो, याकडे दुर्लक्ष होते. सुरक्षित तापमान आणि तळाची जाडी वेष्टनावर छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक नियमित वाचक