शिदोरी कोणाची?

रामबाग, इंदूर

प्रिय सई,

रविवारी जॉर्जशी तुझ्या लग्नावरून बोलता बोलता फोन तू आपटलास की लाइन गेली, कोण जाणे. "जन्मभर पोरींना हेटेरोगॅमी शिकवलीस, आणि घरात आली तर चालत नाही!" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. बाबा अजून हसताहेत.

अगं, तू म्हणतेस ती समाजशास्त्रातली. जात, धर्म, शिक्षण, वय यांत अंतर असलेल्यांचं लग्न. मी शिकवली ती जीवशास्त्रातली, निराळी. शेवंतीच्या शेंड्यांवरचा मावा तू काडीने खरवडायचीस ना? थंड मुलखात हाच मावा उन्हाळाभर नराविनाच पिल्लं घालतो, सगळ्या माद्या. थंडीच्या तोंडावर नर जन्मतात, मग मीलन, मग अंडी, आणि हिवाळा काढतात ती अंडी. ही एक हेटेरोगॅमी. दुसरी, दोन युग्मकं, म्हणजे नर-मादीच्या जननपेशी, असमान असण्याची. माणसाची अंडपेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, शुक्रपेशीचं डोकं तिच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याचं. तो अर्धी गुणसूत्रं घेऊन येतो; बाकी सगळी शिदोरी, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियासकट, तिची.

जॉर्जचा धर्म मला खुपत नाही. खुपतं ते हेच. शिदोरी तूच पुरवायची का?

नानी आत्या तुझ्या बाजूने होळकरांचा दाखला देतात. तुकोजीरावांनी १९२८ मध्ये सिएटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं, इंदूरचं काय बिघडलं? काही नाही. पण नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली, धर्म तिने बदलला, लुगडं ती नेसली. महाराजांनी काय बदललं, ते नानींना विचार.

आणि माझं तर सगळं जुळलेलं होतं, पोटजातीपासून पत्रिकेपर्यंत. तरी सांगलीहून आले आणि पहिल्याच सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला बघून घशाशी आलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असंच." पुढे माहेरी गेले तर आई म्हणाली, तुझ्या बोलण्यात हिंदी फार येतं गं. बाबांना कधी कोणी सांगलीचं काही शिकायला सांगितलं नाही. त्यांचा दोष नाही, कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखालीच करा. १९५४ चा कायदा आहे, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, धर्म कोणालाच बदलावा लागत नाही. नाव बदलू नकोस. पगाराचं खातं वेगळं ठेव. सुट्ट्या कोणाकडे, हे आधीच... बरं, पुरे. वर्ग सुटला तरी बाईंची सवय सुटत नाही, रागावू नकोस.

त्याच्या आईने मल्याळम शिकशील ना विचारलं आणि तू पटकन हो म्हणालीस. त्याला विचारलंस का, तू मराठी कधी शिकतोस? सहज विचार. उत्तर मला कळवायची गरज नाही. कळवलंस तर बरं.

फोनवर तू मला जे सुनावलंस, तसं मला तुझ्या आजीला कधी सुनावता आलं नाही. राग आला, आणि दुपारी शेजारच्या काकूंना सांगूनही आले, आमची सई ऐकून घेणारी नाही म्हणून. पण जॉर्जपुढेही तशीच राहशील ना? तिथे प्रेमापोटी गप्प बसशील, तीच भीती आहे.

डिसेंबरात त्याला घेऊन ये. पोह्यांवर जिरावन कमीच घालीन, बिचाऱ्याला सोसायचं नाही. नको, घालीनच. थोडं त्यालाही सोसू दे.

तुझी,
आई