ऑस्ट्रेलियाची भूमी ओसाड नव्हती

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. परदेशात नव्याने घर मांडताना होणारी ओढाताण त्यात आपुलकीने मांडली आहे आणि त्याबद्दल मी लेखकाची आभारी आहे. मात्र लेखाच्या आरंभीच, मूठभर धाडसी इंग्रजांनी ओसाड भूमीवर अवघ्या दोन शतकांत संपन्न राष्ट्र उभे केले, अशा आशयाचे जे विधान आहे, ते मुळातच चुकीचे आहे. भूमी ओसाड नव्हती आणि तिथे उतरलेले बहुसंख्य इंग्रज धाडस करायला आलेच नव्हते; त्यांना बेड्या घालून आणण्यात आले होते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्या देशात पुढे काय घडले हे समजत नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली अकरा जहाजांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत आला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी तिथे ब्रिटिश निशाण रोवले गेले. त्या वेळी या खंडात किमान पन्नास हजार वर्षांपासून माणसे राहत होती आणि अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. कोणते रान केव्हा जाळायचे, म्हणजे कोवळे गवत फुटून कांगारू चरायला येतील, कोणत्या नदीत मासे कधी धरायचे, कोणत्या पाणवठ्यावर कोणाचा हक्क, याचे पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले नियम होते. कुंपण आणि नांगरट दिसली नाही, एवढ्यावरून ब्रिटिश सरकारने ही जमीन कोणाचीच नाही असे गृहीत धरले. पुढच्याच वर्षी, म्हणजे एप्रिल १७८९ मध्ये, सिडनीच्या परिसरात देवीची साथ पसरली आणि खुद्द फिलिप यांच्याच अंदाजानुसार जवळपासच्या मूळ रहिवाशांपैकी निम्मे लोक तिच्यात मेले. समुद्रकिनाऱ्यावरच्या कपारींमध्ये प्रेते पडून होती, कारण मूठमाती द्यायला माणसे उरली नव्हती.

आता धाडसाबद्दल. अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्यावर तिकडे कैदी पाठवण्याची इंग्लंडची सोय बंद झाली. तुरुंग भरले, थेम्स नदीत नांगरलेली जुनी गलबतेही भरली, तेव्हा या नव्या किनाऱ्याची निवड झाली. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० स्त्री-पुरुष कैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यातील बहुतेकांचे गुन्हे चोरीचे होते. एखादे जनावर, थोडे कापड, मालकाच्या घरातली काही भांडी. कित्येक आयरिश होते आणि त्यांतले काही १७९८ च्या बंडात सापडलेले होते. १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मजुरी कमी होत चालली म्हणून त्यांनी संघटना बांधली आणि तिच्यासाठी शपथ घेतली, हा त्यांचा अपराध. इथे आलेल्या कैद्याला एखाद्या जमीनदाराकडे बिनपगारी कामाला जुंपले जाई. कामात कसूर झाली, उलट उत्तर दिले, तर त्याला न्यायाधीशाकडे पाठवून पाठीवर फटके मारले जात, आणि तो न्यायाधीश बहुधा शेजारचाच जमीनदार असे. ज्यांना साम्राज्याने स्वतःच्या देशातून हुसकले, ते लोक दुसऱ्याच्या देशात त्याच साम्राज्याचे हात बनले, आणि मला या इतिहासातील सर्वांत वेदनादायक गोष्ट हीच वाटते.

मी राहते तो टूनगॅबी हा सिडनीचा पश्चिमेकडचा भाग आता भारतीय वस्तीसाठी ओळखला जातो. येथे १७९१ पासून सरकारी शेत होते आणि कैद्यांना तिथे पहाटेपासून झाडे तोडण्याच्या व जमीन उकरण्याच्या कामाला लावले जाई. सगळ्या वसाहतीत या शेताची दहशत होती. ही जमीन दारुग लोकांची. त्यांच्या बाजूने लढणारा पेमुलवुय हा योद्धा बिडजिगल कुळातला होता. मार्च १७९७ मध्ये त्याने टूनगॅबीच्या शेतावर हल्ला केला, नंतर पॅरामॅटा येथे सैनिकांशी झालेल्या झुंजीत छर्रे लागून तो जबर जखमी झाला, त्याच्या पायात बेडी ठोकून त्याला रुग्णालयात ठेवले गेले, आणि तो त्या बेडीसकट निसटला. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारण्यात आले आणि त्याचे शिर मद्यार्कात बुडवून इंग्लंडला धाडण्यात आले. ते आजतागायत सापडलेले नाही. आज आमच्या शेजारच्या एका उपनगराला पेमुलवुय हे नाव आहे. तिथे आपली पुष्कळ माणसे घरे घेतात, आणि ते नाव कोणाचे हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

पुढचा सारा संघर्ष लोकरीपायी झाला. यॉर्कशायरच्या गिरण्यांना लोकर हवी होती, मेंढ्यांना कुरणे हवी होती, आणि सरकारने आखून दिलेल्या हद्दीच्या पलीकडे कळप घेऊन जमीन बळकावणाऱ्यांना आवरणे सरकारला जमेना. अखेर १८३६ मध्ये वर्षाला दहा पौंड भरा आणि हवी तेवढी जमीन चारा, असा परवाना सुरू झाला. दहा पौंड ब्रिटिश सरकारला. ज्यांची जमीन होती त्यांना काहीही नाही. मेंढ्यांनी कंदांची राने खाऊन टाकली, गुरांनी पाणवठे चिखलाने भरले, आणि उपाशी माणसांनी मेंढरू मारले की त्याला दरोडा म्हटले गेले.

या साऱ्याचा जो एक प्रसंग न्यायालयाच्या कागदपत्रांत तपशीलवार नोंदला गेला, तो मायल क्रीकचा. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला हेन्री डँगर या बड्या जमीनदाराचे तिथे कुरण होते. १८३८ मध्ये गमिलाराय भाषा बोलणाऱ्या विर्रायाराय लोकांचा एक लहान समूह त्या कुरणावरील झोपड्यांजवळ काही आठवडे शांतपणे राहत होता. कामावरच्या कैद्यांशी त्यांची चांगली ओळख झाली होती. १० जून १८३८ च्या संध्याकाळी, धडधाकट पुरुष झाडांच्या साली काढायला दुसऱ्या कुरणावर गेलेले असताना, घोडेस्वारांची एक टोळी आली. त्यांनी बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांना एका लांब दोरीला बांधले, झोपड्यांपासून थोड्या अंतरावर नेले आणि ठार मारले. किमान अठ्ठावीस जीव गेले. दोन दिवसांनी तीच टोळी प्रेते जाळायला परत आली.

ही टोळी कोणाची होती हे नीट पाहण्यासारखे आहे. बारा जणांपैकी अकरा जण कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले मजूर होते. बारावा जॉन फ्लेमिंग, हा वसाहतीतच जन्मलेला, जमीनजुमला असलेल्या घरातला, आणि तोच म्होरक्या होता. कुरणावरचा चार्ल्स किलमायस्टर हा कैदी त्या लोकांशी मिळूनमिसळून वागणारा. तोही ऐनवेळी घोड्यावर बसून टोळीबरोबर गेला. त्याच झोपडीत राहणारा जॉर्ज अँडरसन हा दुसरा कैदी मात्र गेला नाही, आणि पुढे न्यायालयात त्याने जे पाहिले ते सांगितले. कुरणाचा कारभारी विल्यम हॉब्ज परतल्यावर त्याने अर्धवट जळालेले अवशेष पाहून सरकारला कळवले; त्याबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. गव्हर्नर जॉर्ज गिप्स आणि सरकारी वकील जॉन प्लंकेट यांनी खटला नेटाने चालवला. पहिल्या ज्यूरीने अकराही आरोपींना काही मिनिटांत निर्दोष ठरवले. दुसऱ्या खटल्यात एका बालकाच्या खुनाबद्दल सात जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना सिडनीत फाशी झाली. उरलेले चौघे सुटले, कारण त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊ शकणारा यिंटायिंटिन हा मूळ रहिवासी तरुण ख्रिस्ती नसल्यामुळे त्याला शपथ घेता येत नव्हती आणि शपथेवाचून साक्ष ग्राह्य नव्हती. तो कायदा न्यू साउथ वेल्समध्ये १८७६ पर्यंत बदलला नाही.

फ्लेमिंग कधीच पकडला गेला नाही. तो १८९४ पर्यंत जगला. आरोपींच्या बचावासाठी जमीनदारांनी वर्गणी काढली होती आणि डँगरही त्यांच्या पाठीशी होता. या फाशीनंतर हत्या थांबल्या नाहीत, त्या लपूनछपून होऊ लागल्या, कित्येक ठिकाणी पिठात विष कालवून. फासावर गेलेल्या सातांबद्दल मला दया दाखवायची नाही. दोरीला बांधलेल्या लेकरांवर त्यांनीच शस्त्र चालवले. परंतु ज्याच्या कळपांसाठी हे झाले त्याच्या मालमत्तेला धक्काही लागला नाही, हे त्यांच्या फाशीइतकेच लक्षात ठेवले पाहिजे. साम्राज्याची बाजू मांडणारे लोक वसाहतकारांचे कष्ट दाखवून मूळ रहिवाशांचे दुःख झाकतात, आणि साम्राज्याविरुद्ध बोलणारे आपण सगळ्या गोऱ्यांना एकाच मापाने मोजून मोकळे होतो. दोन्ही वेळा जमीनदार नजरेआड राहतो.

पुढचा इतिहास आपल्या वाचकांना थोडाफार ठाऊक असेल. मूळ रहिवाशांची हजारो मुले आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली आणि हा प्रकार विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत चालला. त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. जमीन कोणाचीच नव्हती हा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्याच्या निकालात फेटाळला. तरीही लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेले हे लोक तुरुंगातील कैद्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश आहेत, आणि संसदेला सल्ला देणारे त्यांचे एक मंडळ राज्यघटनेत असावे, हा साधा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सहाही राज्यांनी नाकारला. मला त्या निकालाचे फार वाईट वाटले, आणि आपल्या लोकांच्या गप्पांमध्ये त्याविषयी दिसलेल्या उदासीनतेचे त्याहून अधिक.

आपण स्वतः इंग्रजांचे गुलाम होतो, तेव्हा या पापाशी आपला संबंध नाही, असे येथील मराठी माणूस मनापासून समजतो. मीही तेच समजत मोठी झाले आणि आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा मला अभिमान आहे. परंतु या देशाचे नागरिकत्व घेऊन, घराचे कर्ज काढून, सातबाऱ्यासारखा कागद आपल्या नावावर झाला की, त्या जमिनीचा वारसा तिच्या इतिहासासकट आपल्याकडे येतो. त्यातून २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन आणि इकडचा राष्ट्रीय दिन. त्याच दिवशी नागरिकत्वाचे समारंभ होतात, आणि त्याच दिवशी मूळ रहिवासी दुःख पाळतात. १९३८ मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, त्यांनी सिडनीत जाहीरपणे शोकदिन पाळला होता. आमच्याकडील मराठी मंडळांनी झेंडावंदनाच्या कार्यक्रमात या लोकांतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला सन्मानाने बोलवावे, आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मग आपले देशभक्तिपर गीत म्हणावे, अशी माझी या पत्रातूनच सूचना आहे.

संपादक महोदय, आपणाकडे एक विनंती आहे. १८३८ मध्ये सिडनी हेरल्ड या वृत्तपत्राने मायल क्रीकच्या खटल्याविरुद्ध जहरी लेखन केले होते. त्याच परंपरेतील सिडनी मॉर्निंग हेरल्डने जून २०२३ मध्ये, एकशे पंचाऐंशी वर्षांनंतर, त्या लेखनाबद्दल संपादकीयातून माफी मागितली. मायल क्रीकला २००० साली स्मारक झाले असून, मारले गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज दरवर्षी जूनमध्ये तिथे एकत्र येतात. आपल्या पुरवणीत शिक्षण, नोकरी आणि पर्यटन या निमित्तांनी ऑस्ट्रेलियावर वरचेवर मजकूर येत असतो. येत्या जूनमध्ये या स्मारकाविषयी एक सविस्तर लेख छापावा, आणि ओसाड भूमीविषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती पुरवणीच्या पुढील अंकात, जिथे मूळ लेख आला त्याच पानावर द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक,
टूनगॅबी, सिडनी