तारा पुसणारी पोरगी

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मिल्या,

फोनवर हे नीट सांगता येईना म्हणून लिहायला बसलोय, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मुद्दा राहतो बाजूला. तब्येती ठीक आहेत, माझं बीपी गोळीवर, आईला ऐकू आणखी कमी येतं, बाकी बरं.

मुक्ता घरी आलीये. सुट्टीवर नाही, तिचा स्टुडिओच बंद पडला. सकाळी मेल आला की उद्यापासून येऊ नका, दुपारपर्यंत लॉगिन बंद, शेवटच्या महिन्याचा पगार अजून कुणाला मिळालेला नाही. कुठल्या सिनेमाचं काम चालू होतं ते ती मलाही सांगत नाही, एका मोठ्या सायन्स फिक्शनचा पुढचा भाग होता एवढंच कळलंय. मी म्हटलं अगं कंपनीच राहिली नाही तर आता कसला करार, तर म्हणाली, बाबा मी लिहून दिलंय. गप्प बसलो.

हे सगळं तुलाच का लिहितोय, तर टर्मिनेटर टू. परवा रात्री तिने तो लावला आणि मला शेजारी बसवलं. आपण पाहिलेली कॅसेट आठवते ना, ती कॅमेरा प्रिंट, ज्यात कोण तरी उठून बाथरूमला जायचा आणि अर्नॉल्डच्या छातीवर त्याचं काळं डोकं यायचं. आणि तुझं ते पेटंट वाक्य, पहिलाच खरा, 1984 चा, 64 लाख डॉलरमध्ये केलेला, दुसऱ्यात 10 कोटी ओतले मग चकचकीत होणारच. मिल्या, मी अजून दुसऱ्याच्याच बाजूचा आहे, मेलो तरी राहीन. पैसे ओतून डायरेक्टर कॅमेरॉनने काय केलं ते बघ ना, ज्या यंत्रमानवाने, अर्नॉल्डने, पहिल्या भागात आपली झोप उडवली होती त्यालाच जॉन ह्या पोराचा रखवालदार केला, आणि ते लपवलं किती वेळ! मॉलमागचा तो बोळ, एका बाजूने पोलिसाच्या वेशातला तो पातळ धातूचा रॉबर्ट पॅट्रिक, दुसऱ्या बाजूने गुलाबाच्या खोक्यात बंदूक घेतलेला अर्नॉल्ड, मधे पोरगा, आणि तोवर आपल्याला पत्ताच नाही कोण मारायला आलाय आणि कोण वाचवायला. मुक्ता सांगत होती की अमेरिकेत ट्रेलरमध्येच हे फोडून टाकलं होतं, अर्नॉल्ड ह्या वेळी चांगला आहे हे लोकांना तिकीट काढायच्या आधीच माहीत होतं. म्हणजे तो धक्का अख्खाच्या अख्खा मिळाला तो आपल्याला, अप्पांच्या व्हीसीआरसमोर. तू किती जोरात ओरडलास, खालच्या काकू ओट्यावरून विचारत होत्या काय पडलं म्हणून. (तो व्हीसीआर गेल्या वर्षीच्या पुरात गेला, विश्वामित्रीचं पाणी खालच्या खोलीत कंबरेएवढं होतं, तुला फोटो पाठवले होते.)

तर ती थांबवून थांबवून दाखवत होती. आपण समजत होतो सगळं कॉम्प्युटरवर केलंय. कॉम्प्युटरचं काम अख्ख्या सिनेमात जेमतेम पाचेक मिनिटांचं आहे, आणि त्या पाच मिनिटांसाठी रॉबर्ट पॅट्रिकच्या अंगभर चौकटी रंगवून त्याला चालायला-पळायला लावलं होतं, त्याची चाल मोजायला. गोळ्या लागून छातीवर जी चंदेरी फुलं उमलतात ना, ती खरी, कपड्याखाली बसवलेली, स्प्रिंगवर उघडणारी. मी आयुष्यभर मकरपुऱ्यात धातू घासतोय, बफिंगला उभं राहून दोन पोरांना शिकवलं, आणि मला ते कधी कळलं नाही. हॉस्पिटलातल्या चौकडीच्या फरशीतून पॅट्रिक उठतो आणि कॉफी घेऊन उभ्या असलेल्या गार्डचं रूप घेतो, तिथे दोन गार्ड दिसतात ते जुळे भाऊ आहेत. जॉनची आई सेरा झालेल्या लिंडा हॅमिल्टनचीही जुळी बहीण आहे, तिलाही घेतलंय. मोठ्या व्हर्जनमध्ये एक सीन आहे, सेरा आरशासमोर अर्नॉल्डच्या डोक्यातून चिप काढते. मिल्या, तिथे आरसाच नाही रे. भिंतीला भोक आहे. भोकाच्या पलीकडे खरा अर्नॉल्ड आणि खरी लिंडा, अलीकडे कॅमेऱ्याकडे पाठ करून बहीण आणि अर्नॉल्डचं नकली डोकं, आणि दोघी बहिणी हात बरोबर एकाच वेळी हलवतात. मुक्ताने ते मागे-पुढे करून दाखवलं आणि मी खुर्चीतून उठून टीव्हीपाशी जाऊन बसलो. आणि पॅट्रिक गजांमधून आरपार जातो तेव्हाचा चप्प आवाज कशाचा, तर डब्यातून कुत्र्याचं खाणं खाली घसरतं त्याचा! ह्याला आवाजाची दोन ऑस्करं मिळाली, एकूण चार, आणि धंदा जगभरात 50 कोटी डॉलरच्या वर. लिंडाला मात्र साधं नॉमिनेशनही नाही. त्याचा राग मला आजही येतो, त्या बाईने दंडावर घेतलेली मेहनत बघ, डोळे बघ.

मग तो नाल्यातला सीन आला. ट्रक मागे लागलाय आणि अर्नॉल्ड मोटरसायकलवरून वरून खाली उडी घेतो. तिने थांबवलं आणि म्हणाली, बाबा, ही गाडी जाड तारांना टांगलेली होती, तारा नंतर एकेका फ्रेममधून पुसल्यात, मी हेच करते.

हेच मी करते, एवढंच. एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटला 96 चित्रं, प्रत्येकात माणसाची कड कापायची, तार पुसायची, मागचं आभाळ परत भरायचं. आणि काम चांगलं झालं म्हणजे कुणाला दिसलंच नाही पाहिजे. मी चार वर्षं लोकांना सांगत होतो की मुक्ता कॉम्प्युटरवर सिनेमाचं काहीतरी करते.

आता खरी गोष्ट. आमच्या शेठनी तिला जागा दिलीये, डायच्या, म्हणजे साच्यांच्या ड्रॉइंगसाठी, कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये. पगार बरा, महिन्याच्या सात तारखेला हातात, घरून स्कूटीने वीस मिनिटं. हिला वाटतं देवच पावला. आईला ऐकू येत नाही पण हे बरोबर ऐकू आलं, तिने लगेच स्थळांचा विषय काढला. मला रात्री झोप नाही. कारण दुसरीकडेही काही सुख नाही, मुक्ता स्वतःच सांगते की आता कड कापायचं बरंचसं काम मशीन दोन क्लिकमध्ये करून देतं, केस आणि धूर अजून नीट जमत नाही म्हणे. आता केस आणि धुरावर पोरीचं आयुष्य कसं काढायचं, तूच सांग. आणि हे बंद पडणं काही नवीन नाही. 2013 मध्ये लाइफ ऑफ पायला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो वाघ ज्यांनी केला तो स्टुडिओ आधीच दिवाळखोरीत गेलेला होता, मुंबई-हैदराबादलाही त्यांची माणसं होती, आणि स्टेजवर त्यांचा माणूस हे बोलायला लागला तर संगीत वाजवून त्याला खाली उतरवलं. तेव्हा ती बारावीलासुद्धा नव्हती. ती हे सगळं माहीत असून ह्या धंद्यात गेली.

हिच्याशी ह्यावरून दोनदा वाजलं. ही म्हणते तू सिनेमावेडा म्हणून पोरीला खड्ड्यात घालतोयस. तसं नाही रे. मुक्ताने मला एक क्लिप दाखवली, तिची स्वतःची, सरावाची. गेल्या उत्तरायणला आपल्या अगाशीवरून घेतलेली. तुला माहितीये ना आपल्या गल्लीचं आभाळ, विजेच्या तारा, केबल, डिशच्या वायरी, पतंगापेक्षा तेच जास्त. तिने सगळ्या तारा काढून टाकल्यात. पतंग आहेत, समोरची गच्ची आहे, पिपाणी वाजवणारी पोरं आहेत, आणि मांजासुद्धा तसाच आहे, केसाएवढा बारीक, काही ठिकाणी तारेला चिकटून जाणारा, तो तिने ठेवलाय. जाड तार घालवून बारीक मांजा ठेवायचा, ह्याला काय हात लागत असेल! मी लोखंडात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी आयुष्य घातलंय, मला हात कळतो. हा हात ड्रॉइंग बोर्डावर डायची भोकं काढत बसलेला मला बघवणार नाही. आणि तरी तिने मुंबईत भाड्याच्या खोलीत पगाराची वाट बघत बसावं हेही बघवणार नाही.

शेवटावरून आपलं किती भांडण झालं होतं, म्हाताऱ्या सेराचा पार्कातला तो शेवट, जॉन सिनेटर झालेला, नात खेळतेय, सगळं छान, तो शूट करून काढून टाकला आणि रात्रीचा रस्ता ठेवला. तू म्हणालास बरं केलं. मी म्हणालो ठेवायला हवा होता, आणि आजही तेच म्हणतो. माणसांनी एवढं सोसल्यावर त्यांना बाकावर बसलेलं बघायचं असतं मला.

वहिनींचा गुडघा कसा आहे, चालायला लागल्या का? चिन्मयचं जर्मनीचं झालं का? तुझी बदली आता होऊ नये रे बाबा. सेव उसळ खायला ये दिवाळीत, बाकीचं मग बोलू.

काम असं आहे. तू मुक्ताशी बोल. ती माझं ऐकते पण माझ्यावर विश्वास ठेवत नाही, मी बाप आहे, तुझ्यावर ठेवते. तुझ्या फाइन आर्ट्सच्या त्या वर्षाबद्दल मी तुला कधी विचारलं नाही, काका गेल्यावर तू जे केलंस ते केलंस, लग्नाकार्यात तू हसत जी गोष्ट सांगतोस ती मला पाठ आहे. ती गोष्ट तिला सांगू नकोस. तिला खरं सांग. बँकेत बसून हाताला काय झालं, आठवण येते का, आली तर काय करतोस, की खरंच काही वाटत नाही. जे असेल ते. तू म्हणालास की घे नोकरी, तरी मला चालेल, फक्त ते तुझं स्वतःचं असू दे.

दहाच्या आत फोन करू नकोस, झोपलेली असते. तिचा नंबर तोच आहे. शेठ सोमवारी विचारणार आहेत, तोवर मी त्यांना काहीच सांगत नाहीये.

तुझा
विन्या