घ्यायचं काय आणि टाकायचं काय?

संपादक महोदय, स.न.

मागच्या आठवड्यात एका सरकारी ऑफिसमधून घरी पत्र आलं, बाबांच्या नावावरची खोली आईच्या नावावर करायचीय त्यासंदर्भात. आई ताटात तांदूळ निवडत बसली होती, मी मोठ्याने वाचून दाखवलं, "विहित मुदतीत पूर्तता न झाल्यास सदरहू प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल". तर आई म्हणाली, चला, दाखल होतंय म्हणजे काम झालं! आता दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद, हे मला एका ओळखीच्या क्लार्कने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही निवांत बसलो असतो आणि मुदत निघून गेली असती. आई रोज तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते हो, तिला मराठी येत नाही असं कोण म्हणेल? अर्थ सांगितल्यावर ती एवढंच बोलली, "मग यातलं घ्यायचं काय आणि टाकायचं काय ते कसं कळणार माणसाला?"

त्याच रात्री मुलीने अभ्यास करताना इंटेलिजिबल म्हणजे काय विचारलं. समजण्याजोगं, एवढं सांगून मोकळा झालो असतो, पण डिक्शनरी उघडली आणि आईचंच वाक्य समोर आलं. शब्द मूळ लॅटिन, इंटर म्हणजे मध्ये (आपल्या 'अंतर'चा सख्खा भाऊ) आणि लेगेरे म्हणजे वेचणं, निवडणं, त्यावरूनच पुढे वाचणं. म्हणजे चार गोष्टींमधून नेमकी हवी ती निवडता आली की समजलं. लेक्चर, कलेक्टर, सिलेक्ट, इंटेलिजंट, सगळी त्याच लेगेरेची पिलावळ, आणि इलेक्शनसुद्धा! आपण त्याला निवडणूक म्हणतो, शाळेत धड्यांना वेचे म्हणायचो, न्याय होतो त्याला निवाडा म्हणतो. दोन भाषांमध्ये हजारो मैलांचं अंतर आणि विचार मात्र एकच, मला तर रात्री झोपच लागेना.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 आला, सरकारी कारभार मराठीत आला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मराठी अक्षरं छापली म्हणजे पत्र मराठीत झालं असं कसं म्हणायचं, ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला त्यातून मुद्दा निवडता यायला नको का? "अमुक तारखेपर्यंत हे तीन कागद आणून द्या, नाहीतर फाइल बंद होईल", बस, एवढंच लिहायचं होतं, त्यात कायद्याचं काय बिघडलं असतं?

तुमच्या पेपरात सरकारी नोटिसा बारीक अक्षरात छापून येतात. आठवड्यातून एकदा त्यातली एखादी नोटीस घेऊन शेजारी तीच साध्या मराठीत छापाल का? सुरुवात आमच्या पत्रापासून करायची असेल तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई